विचित्र बातमीतलं ‘काहून’

प्रश्न असा आहे : गावात एसटीने पेपरचा गठ्ठा आला की पानठेल्यासमोरच्या पारावर दहा-पंधरा जण जमतात आणि तासभर विचित्र बातम्यांवर गप्पा रंगतात. आता निम्म्या बातम्या मोबाइलवरून येतात, त्यातल्या बऱ्याच खोट्या निघतात आणि एकदोनदा गावातल्याच माणसाचं मन दुखावलं. बैठकीची मजा टिकावी आणि सांगितलं ते खरंही असावं, यासाठी काय करावं?

सगळ्यात आधी मथळा वाचणं बंद करा. बैठक फिकी पडते ती बहुतेक वेळा यामुळेच. मथळा लिहिणाऱ्याचं काम सगळी गंमत पाच शब्दांत ओतून टाकणं हे असतं. तो मोठ्याने वाचला की मागे सांगायला काही उरत नाही. पेपर दुमडून मथळा आत घ्या आणि जागेपासून सुरुवात करा. गाव, तालुका, जिल्हा, वेळ, मग साधी घटना, आणि विचित्र भाग शेवटी. 2022 साली बुलढाणा जिल्ह्यात एक लग्न होतं. मुहूर्त दुपारी चारचा. मंडप भरला, पंगतीची तयारी झाली, वरात मात्र येईना. इथे थांबायचं. नवरदेव आणि त्याचे मित्र दारू पिऊन नाचत होते, ते पोचले रात्री आठला. पुन्हा थांबायचं. पारावरचा प्रत्येक जण पुढे काय झालं असेल ते सांगेल; कोणी भांडण म्हणेल, कोणी पोलीस. मुलीच्या बापाने त्याच मंडपात नात्यातल्या दुसऱ्या मुलाशी लग्न लावून दिलं, हे तेव्हा सांगा. माणसांची नावं कुठे आली नाहीत आणि गोष्ट कुठे अडलीही नाही, हे बघा. सोयरीक चार तालुके ओलांडून पसरलेली असते. ज्याच्यावर आपण हसतो त्याचा मावसभाऊ शेजारी बसलेला असू शकतो.

एका सकाळी तीन बातम्या, फार तर चार. पेपरात आठ सापडल्या तरी बाकीच्या उद्यासाठी ठेवा. पाचव्या बातमीला लोक ऐकत नाहीत, आपापली बातमी सांगायची वाट बघतात.

आता मुख्य मुद्दा. विचित्र बातमी ऐकून जो पहिला प्रश्न आपल्या तोंडून निघतो, ‘काहून बा?’ म्हणजे ‘का बरं असं?’, त्याचं उत्तर शोधून मगच बातमी पारावर आणा. नुसतं आश्चर्य दोन मिनिटांत विरतं, पण कारण हाती असलं की तीच बातमी अर्धा तास पुरते आणि दुसऱ्या दिवशी लोक घरी जाऊन पुन्हा सांगतात. आपल्या भागात याची उदाहरणं भरपूर आहेत.

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भभर लोकांनी आकाशातून जळत जाणारी रांग पाहिली. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं मोठं कडं पडलेलं सापडलं, सुमारे तीन मीटर व्यासाचं, आणि आसपासच्या भागात धातूचे गोळे मिळाले. कोणी उल्का म्हणालं, कोणी विमान, कोणी क्षेपणास्त्र. अंतराळातल्या वस्तूंवर नजर ठेवणाऱ्या अभ्यासकांनी वेळ आणि मार्ग जुळवून सांगितलं की हा चीनच्या लाँग मार्च 3बी रॉकेटचा टप्पा असावा; 2021 च्या फेब्रुवारीत उडालेला आणि वर्षभराहून जास्त काळ फिरत राहून खाली आलेला. पुढे इस्रोचे शास्त्रज्ञही येऊन पाहणी करून गेले.

ही बातमी सांगताना दोन प्रश्न हमखास येतात, त्यांची तयारी ठेवा. पहिला : उल्का नव्हती कशावरून? उल्का साधारण एक-दोन सेकंदांत चमकून संपते. रॉकेटचा तुकडा सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने, बराचसा आडवा येतो. म्हणून तो अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त दिसतो आणि तुटलेले तुकडे एकामागे एक, एकाच दिशेने जात राहतात. पाडव्याला लोकांना घरातल्यांना हाका मारून बाहेर बोलवायला वेळ मिळाला, त्यातच उत्तर आहे. दुसरा प्रश्न : सगळं जळालं आणि गोळेच कसे उरले? रॉकेटमधले गोळे दाबाखालचा वायू साठवायचे असतात. ते टायटॅनियमचे किंवा कार्बनच्या धाग्यांनी गुंडाळलेले असतात. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, टायटॅनियमला 1,668 अंश लागतात. शिवाय पोकळ गोळा आकाराच्या मानाने हलका, त्यामुळे हवेत लवकर मंदावतो आणि कमी तापतो. इथे एक गोष्ट गांभीर्याने सांगा : असं काही शेतात पडलेलं दिसलं तर हात लावू नये, घरी नेऊ नये, पोलीस पाटलाला कळवावं. अशा टाक्यांत विषारी इंधनाचा अंश राहिलेला असू शकतो.

लोणारचं पाणी 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झालं, तेव्हाही असंच झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि खाऱ्या पाण्यात राहणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव त्यामागे असल्याचं सांगितलं. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला, जीव वाढले आणि त्यांच्या अंगातल्या रंगद्रव्याने पाणी रंगलं. पारावर सांगण्याजोगा तपशील पुढे आहे : नमुन्याचं पाणी काही वेळ स्थिर ठेवल्यावर ते जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. रंग पाण्याचा नव्हताच.

गावातल्या गावात येणाऱ्या बातम्यांचीही कारणं माहीत करून घ्या, कारण त्या दरवर्षी फिरून येतात. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर ‘शेतात माशांचा पाऊस’ ही बातमी कुठून तरी येतेच. बहुतेक वेळा मासे वरून पडलेले नसतात, नाल्याच्या पुराबरोबर चढून आलेले असतात. पहिल्या पुराला मासे अंडी घालायला उथळ पाण्याकडे उलटे चढतात. मांगूरसारखा मासा हवेतूनही श्वास घेतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत पुढे जातो. बातमी आली की एवढंच विचारा : घराच्या छपरावर किंवा झाडाच्या फांदीवर मासा मिळाला का? नुसता बांधाच्या आत, सखल भागात मिळाला असेल तर पाऊस नाही, चढण आहे.

‘कोंबडी आरवायला लागली’ ही बातमी मात्र खरी असू शकते. कोंबडीचं डावंच अंडाशय काम करतं. ते रोगाने निकामी झालं तर उजवीकडचा अर्धवट अवयव वाढतो, नराचं संप्रेरक बनायला लागतं, तुरा मोठा होतो आणि कोंबडी चक्क आरवते. तिची अंडी त्याआधीच बंद झालेली असतात. याउलट ‘कोंबड्याने अंडं दिलं’ खरं नसतं. खुराड्यात तलंगेने, म्हणजे नुकतीच अंड्यावर आलेल्या कोंबडीने, घातलेलं बिनबलकाचं बारीक अंडं पडलेलं असतं, किंवा तो कोंबडाच मुळात आरवणारी कोंबडी असते. बोकडाला दूध येतं हेही घडतं, संप्रेरकांच्या बिघाडामुळे, आणि जास्त दुधाच्या वाणात जास्त. पण ते दूध औषध म्हणून विकायला कोणी बसलं तर बैठकीतल्या जाणत्यांनी तिथेच थांबवावं. दोन तोंडांचं वासरू जन्मलं की लोक नाणी टाकायला जातात. ते वासरू बहुधा फार दिवस जगत नाही आणि गर्दीने गाय बिथरते. अशा वेळी 1962 वर फोन करून पशुवैद्यकाचं फिरतं पथक बोलवायचं, फोटो नंतर.

करून दाखवता येईल तिथे करून दाखवा. 21 सप्टेंबर 1995 ला देशभर गणपती दूध प्यायले, ही बातमी म्हातारी माणसं अजून काढतात. तेव्हा शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तपासलं होतं. तोच प्रयोग पारावर होतो. देवाची मूर्ती घेऊ नका, श्रद्धेचा विषय आहे; पितळेचा लोटा घ्या. तो चिंचेने घासून स्वच्छ धुवा आणि ओलाच राहू द्या. चमचा दुधाने काठोकाठ भरा, त्यात कुंकवाची चिमूट टाका. चमच्याची कड लोट्याच्या फुगीर भागाला टेकवून किंचित कलती करा. दूध चमच्यातून कमी होत जाताना दिसेल आणि बघणाऱ्याला ते लोट्यात शिरल्यासारखं वाटेल. मग लोट्याच्या खालच्या बाजूला बोट फिरवून दाखवा : लाल ओघळ बुडाशी पोचलेला असतो. दुधाचा पृष्ठताण थेंबाला ओल्या धातूकडे ओढतो आणि मग ते पातळ थरात खाली उतरतं. पांढरं दूध ओल्या चकचकीत पृष्ठभागावर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कुंकू. प्रयोग फसतो तो तीन कारणांनी : लोट्याला तेलाचा हात लागलेला असतो, लोटा कोरडा असतो, किंवा चमचा अर्धाच भरलेला असतो. तेल असलं की थेंब पसरत नाही, गोळा होऊन बाजूला पडतो.

आता मोबाइलवरच्या बातमीकडे येऊ. गट कोणताही असो, आलेली बातमी त्याच दिवशी पारावर सांगायची नाही, एक रात्र जाऊ द्यायची, हा नियम करा. बहुतेक खोट्या बातम्या तेवढ्यात उघड्या पडतात.

रात्रीत करायच्या गोष्टी थोड्या आहेत. गावाबरोबर तालुका आणि जिल्हा दिलाय का ते बघा. पिंपळगाव आणि वडगाव विदर्भात किती आहेत हे सांगायला नको. नुसतं ‘एका गावात’ असेल तर तिथेच सोडा. तारीख नसेल आणि ‘कालच’ असं लिहिलं असेल तर संशय घ्या, कारण असे संदेश वर्षानुवर्षं ‘कालच’ म्हणूनच फिरतात. व्हिडिओत गाडी दिसत असेल तर नंबर वाचा. यवतमाळची गाडी एमएच 29, चंद्रपूरची 34, गोंदियाची 35, वाशिमची 37. ‘गोंदियातला पूर’ म्हणून आलेल्या चित्रात सगळ्या गाड्या दुसऱ्या राज्याच्या असतील तर पूर खरा, गोंदिया खोटं. फोटो गुगल लेन्समध्ये टाकला की तो आधी कधी आणि कुठे छापला होता ते बहुधा कळतं. व्हिडिओ असेल तर दोन-तीन ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट काढा आणि तो टाका.

पेपरच्या कात्रणाचा फोटो आला म्हणजे बातमी खरी, असं धरू नका. कात्रण बनवून देणारी साधनं मोबाइलवरच मिळतात. खऱ्या कात्रणात बातमीच्या सुरुवातीला गावाचं नाव आणि वार्ताहर, प्रतिनिधी किंवा वृत्तसंस्था यांपैकी काहीतरी असतं, शेजारच्या बातमीचा काठ येतो, ओळी दोन्ही बाजूंनी सरळ बसलेल्या असतात. बनावट कात्रणात ऱ्हस्व-दीर्घ बिघडलेलं, जोडाक्षरं फुटलेली आणि आजूबाजूला मोकळी पांढरी जागा. त्या पेपरचा त्या तारखेचा ई-पेपर उघडून बघा. फक्त एक लक्षात ठेवा : नागपूर आवृत्तीत नसलेली बातमी अकोला आवृत्तीत असू शकते, जिल्ह्याचं पान वेगळं असतं. एका आवृत्तीत दिसली नाही म्हणून खोटी म्हणायची घाई नको. आणि 1 एप्रिलची तारीख असेल तर 2 तारखेचा अंक बघितल्याशिवाय तोंड उघडू नका.

वाघाच्या व्हिडिओंना वेगळं मोजा. 2025 च्या शेवटच्या महिन्यांत दोन व्हिडिओ फार फिरले. एकात ब्रह्मपुरीच्या वनविश्रामगृहासमोर वाघ माणसाला उचलून नेतो, दुसऱ्यात पेंचमध्ये दारू प्यायलेला माणूस वाघाला थोपटतो. दोन्ही कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले निघाले. असे व्हिडिओ ओळखायला आजतरी काही खुणा कामी येतात. लांबी आठ-दहा सेकंद. भिंतीवरची पाटी वाचायला जा, अक्षरं अक्षरांसारखी दिसतात पण वाचता येत नाहीत. देवनागरीत तर जास्तच. सीसीटीव्ही म्हणतात पण कोपऱ्यातले सेकंद पुढे सरकत नाहीत. पंजा जमिनीवर पडतो तिथे धूळ उडत नाही, आणि सावली एकीकडे तर पाय दुसरीकडे. या खुणा दरवर्षी कमी होत जाणार, म्हणून शेवटी माणसाकडून खात्री करणंच बरं : वनविभागाचा 1926 क्रमांक आहे, आणि त्या भागातल्या वनरक्षकाला किंवा कोतवालाला फोन केला तर दोन मिनिटांत कळतं. ताडोब्यात सिंह दिसल्याचा व्हिडिओ आला तर फोनचीही गरज नाही, आपल्या देशात मोकळा सिंह गुजरातेतच आहे. वाघाची खोटी बातमी इथे मी मुळीच हलकी मानत नाही. धानाच्या बांधीत, तेंदूपत्त्याला, मोहफुलाला पहाटे बाया जातात. खोट्या भीतीने त्यांची मजुरी बुडते, आणि दहा खोट्या ऐकल्यावर अकरावी खरी बातमी कोणी ऐकत नाही.

सांगितलेली बातमी खोटी निघाली तर दुसऱ्या सकाळी त्याच पारावर, तेवढ्याच मोठ्या आवाजात, पहिली बातमी तीच सांगायची. ‘कालची गोठ खोटी होती, अशी अशी निघाली.’ खोटी कशी निघाली ते सांगण्यात रंगत कमी नसते, उलट ती गोष्ट लोकांना जास्त आवडते.

काय हसण्यावारी न्यायचं नाही, यावर बैठकीने एकदा बोलून ठेवावं. 2024 चा डिसेंबर संपता संपता आणि 2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस हातात येऊ लागले, काही दिवसांत टक्कल पडलं. बाहेरच्यांना ती विचित्र बातमी वाटली आणि त्यावर विनोद झाले. त्या गावांतल्या लग्नाच्या पोरींचं काय झालं असेल याचा विचार करा. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या करून गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमचा संबंध पुढे मांडला. ही बातमी पारावर यावी, पण धान्य, माती आणि तपासणी यांची म्हणून यावी. सर्पदंश, आत्महत्या, अपंगत्व, कुणाची जात, आणि बाईवर करणीचा आळ घेणारी कुठलीही गोष्ट यांचंही तसंच. करणी-भानामतीच्या नावाखाली कुणाला छळणं महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पारावरचा ‘सहज’ उल्लेख त्याची सुरुवात ठरू शकतो.

वही ठेवा, ही माझी आग्रहाची सूचना. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. डाव्या पानावर कात्रण, उजव्या पानावर तारीख, पेपर, आवृत्ती, गाव, कारण आणि ‘पुढे काय झालं’ यासाठी अर्धं पान मोकळं. तारीख कात्रण कापायच्या आधी त्याच्या कडेला पेनाने लिहा; नंतर कोणालाच आठवत नाही. कणकेची खळ वापरणार असाल तर त्यात चिमूटभर मोरचूद घाला, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात कसर लागते; मोरचूद विषारी आहे, भांडं वेगळं ठेवा आणि हात धुवा. खळ पातळ लावा, जाड लावली की कात्रण सुरकुततं आणि पानं चिकटतात. पेपरचा कागद वर्ष-दोन वर्षांत पिवळा पडून तुकडे होतो, त्यामुळे चिकटवल्या दिवशीच मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

वहीचा खरा उपयोग भेंडवळसारख्या बातमीला होतो. अक्षय तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावात घटमांडणी होते : गोलात अठरा धान्यं, मधे खड्ड्यात चार ढेकळं म्हणजे पावसाचे चार महिने, त्यावर करवा, शिवाय पापड, पुरी, वडा, सुपारी. रात्रभर तसंच ठेवून पहाटे काय हललं, काय भिजलं ते बघून पीकपाण्याचा अंदाज सांगतात. दुसऱ्या दिवशी ती बातमी सगळीकडे येते, दिवाळीत ती कोणी उघडत नाही. तुम्ही उघडा. महिन्यापुढे आपल्याच मंडळातल्या पर्जन्यमापकाचा आकडा लिहा, कपाशी-सोयाबीनला प्रत्यक्ष काय झालं ते लिहा. श्रद्धेवर वाद घालायची गरज राहत नाही. पाच-सहा वर्षांची पानं शेजारी ठेवली की प्रत्येक जण आपापलं ठरवतो.

परदेशातली विचित्र बातमी हवी असेल तर दर सप्टेंबरात इग नोबेल जाहीर होतात, ते जपून ठेवा. 1991 पासून चालत आलेले हे पुरस्कार ऐकताच हसू येईल अशा खऱ्याखुऱ्या कामाला मिळतात. 2002 मध्ये केरळच्या दोघांना हत्तीच्या कातडीचं क्षेत्रफळ काढायच्या सूत्रासाठी मिळाला. 2003 मध्ये उत्तर प्रदेशातल्या लाल बिहारींना मिळाला; सरकारी कागदावर ते 1975 पासून 1994 पर्यंत मेलेले होते आणि त्यांनी अशाच ‘मृत’ लोकांची संघटना काढली. सातबाऱ्याचे फेरे घातलेल्या माणसांना ही बातमी समजावून सांगावी लागत नाही.

आणि 2025 ची एक तर पोळ्याच्या आठवड्यासाठीच ठेवा. जपानमध्ये काळ्या गाईंवर झेब्र्यासारखे पांढरे पट्टे रंगवले, तर चावणाऱ्या माशा निम्म्याच बसल्या. नुसते काळेच पट्टे रंगवून पाहिले तेव्हा फरक पडला नाही, म्हणजे रंगाच्या वासाचा नव्हे, पट्ट्यांचा परिणाम. कोणी ना कोणी म्हणेलच, ‘आपले बैल रंगवूनच टाकू.’ मग बोलायला पुष्कळ आहे. आपला गौळाऊ जातीचा बैल मुळात पांढरा, आणि गोमाशी गडद अंगाकडे जास्त जाते, त्यामुळे त्याला फायदा कमी. काळ्या-तांबड्या जनावरावर करून बघायचं असेल तर पाण्यात विरघळणारा रंगच घ्या, ऑइलपेंट किंवा जळकं ऑइल कातडी सोलून काढतं. पट्टे दोन-तीन बोटं रुंद, पाय आणि पोटाच्या बाजूंवर आधी, कारण माशा तिथेच बसतात. एक जनावर रंगवा, त्याच रंगाचं दुसरं तसंच ठेवा, दोघांना एकाच दावणीला बांधा आणि दोन्हींवर अर्ध्या तासात बसलेल्या माशा वेगवेगळ्या माणसांनी मोजून वहीत लिहा. पाऊस पडला की मोजणी थांबवा, रंग उतरतो आणि माशाही बसत नाहीत.